टॅपेट गप्प झाला की सावध व्हा

५ जुलै २०२४ ला पुण्यात बजाजने 'फ्रीडम १२५' ही मोटारसायकल बाजारात आणली. सीएनजीवर धावणारी जगातली ही पहिली मोटारसायकल. "सीएनजीने व्हॉल्व्ह जातात का हो?" हा प्रश्न तोवर रिक्षावाले आणि टॅक्सीवाले एकमेकांना विचारायचे. आता दुचाकी घ्यायला निघालेली माणसंही तो विचारतात. व्हॉल्व्ह 'जातो' म्हणजे इंजिनात नेमकं काय होतं, हे मात्र त्यांना सहसा कुणी समजावून सांगितलेलं नसतं. गॅरेजमध्ये उत्तर मिळतं ते एवढंच: "टॅपेट सेट करून घेत जा."

सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. टॅपेट सेट करणं म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली बारीक फट जुळवणं. पण ते म्हणजे इंजिनाची टकटक बंद करणं, अशी समजूत सगळीकडे पसरली आहे आणि तिच्यापायी चांगले व्हॉल्व्ह जळतात. आमचाही जळला. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं. वरच्या झाकणातून टकटक यायची म्हणून एका मिस्त्रीला बोलावलं. त्याने पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन दहा मिनिटांत आवाज घालवला. इंजिन इतकं मऊ चालू लागलं की शेजारचे ऐकायला आले. गव्हाचं शेवटचं पाणी द्यायच्या आधीच ते गरम झाल्यावर दम सोडू लागलं. बंद केलं की पुन्हा चालू होईना. हँडल मारताना हाताला लागणारा कॉम्प्रेशनचा, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा, अडसरच नाहीसा झाला होता. हेड उघडलं, तर धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूने उंदराने कुरतडल्यासारखी जळालेली. तो आवाज का गेला आणि आवाजासोबत व्हॉल्व्ह का गेला, हे त्यानंतर मी नीट समजून घेतलं.

इंजिनाची दोन दारं

डिझेल, पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणारं चार स्ट्रोकचं इंजिन चार कामं आळीपाळीने करतं: हवा आत घेणं, ती दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं. यासाठी सिलिंडरच्या डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये, निदान दोन दारं लागतात. आत घेणारं ते इनलेट व्हॉल्व्ह, बाहेर टाकणारं ते एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह दिसतो उलट्या धरलेल्या अळंबीसारखा: खाली चपटी टोपी, वर लांब दांडी. टोपीची तिरकी कड हेडमधल्या एका कडक कड्यावर बसते. हे कडं म्हणजे सीट. दांडी ज्या नळीतून वर-खाली होते ती गाइड. एक जोरकस स्प्रिंग व्हॉल्व्हला सतत वर ओढून सीटवर घट्ट बसवून ठेवते.

या दाराला वेग किती असतो पाहा. शेतीपंपाची बरीच इंजिनं मिनिटाला १५०० फेरे फिरतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा आणि तासाला ४५ हजार वेळा. रात्री आठ तास पाणी भरलं, तर एकेका व्हॉल्व्हने ३ लाख ६० हजार वेळा दार लावलेलं असतं. मोटारसायकलचं इंजिन याहून कितीतरी जोरात फिरतं. इतक्या वेळा होणाऱ्या कामात केसाएवढी चूकही साठत जाते.

रॉकर म्हणजे हापशाचा दांडा

गावातला हापसा आठवा. आपण दांडा खाली दाबतो तेव्हा दुसऱ्या टोकाची सळई वर येते. मधे एक पिन आणि त्या पिनेवर झोके घेणारा दांडा. रॉकर आर्म हेच काम उलट अंगाने करतो. खालून कॅमशाफ्टचा, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या दांड्याचा, उंचवटा (कॅम) टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉड नावाच्या लांब सळईला ढकलतो, पुशरॉड रॉकरचं एक टोक उचलतो आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्हच्या दांडीवर दाब देऊन तो उघडतं. कॅम पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्हला परत जागेवर नेते. आजच्या बहुतेक मोटारसायकलींत कॅमशाफ्ट हेडमध्येच असतो, त्यामुळे पुशरॉड लागत नाही आणि कॅम थेट रॉकरला उचलतो. तत्त्व तेच.

एक गंमतीची गोष्ट शब्दाची. टॅपेट हा खरा तर कॅमवर बसणारा तुकडा. पण आपल्याकडे मिस्त्री 'टॅपेट सेट करतो' म्हणतो तेव्हा तो रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधली फट जुळवत असतो. लोकांच्या तोंडी रुळलेला शब्द आहे, मीही तोच वापरतो.

मुळात फट ठेवायचीच कशाला?

लाकडी दार पावसाळ्यात फुगतं आणि चौकटीत अडकतं. सुतार शहाणा असेल तर तो उन्हाळ्यात दार बसवतानाच कडेला थोडी जागा सोडतो. रॉकरची फट म्हणजे सुताराने सोडलेली ती जागा. फरक एवढाच की इथे फुगवणारी गोष्ट उष्णता आहे.

साध्या पोलादाची एक मीटर लांब सळई १०० अंश सेल्सिअसने तापली की साधारण १.२ मिलिमीटरने लांबते. व्हॉल्व्ह धरा १० सेंटिमीटर लांब. तो सरासरी ३०० अंशांनी तापला, तर ०.३६ मिलिमीटरने वाढला. एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी वापरतात ते पोलाद बऱ्याचदा याहूनही जास्त वाढतं. अर्थात हेड आणि सिलिंडरही तापून वाढतात, त्यामुळे यातली बरीच वाढ आपोआप भरून निघते. जी उरते तेवढ्यासाठी फट. थंड इंजिनात ती बहुतेक वेळा ०.०५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान कुठेतरी असते. वहीचं एक पान साधारण ०.१० मिलिमीटर जाड असतं, त्यावरून अंदाज घ्या. एक्झॉस्ट जास्त तापतो, म्हणून पुष्कळ इंजिनांत त्याची फट इनलेटपेक्षा मोठी असते.

नेमका आकडा मात्र इंजिनागणिक बदलतो. जुन्या पुशरॉडवाल्या बुलेटचंच बघा. तिथे थंड इंजिनात पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये, असं सांगतात. म्हणजे फट जवळजवळ शून्य. कारण तापल्यावर तिथे पुशरॉडच्या मानाने सिलिंडर आणि हेड यांची वाढ फटीला मोकळं करत जाते. बुलेटचा आकडा डिझेल इंजिनाला लावला तर व्हॉल्व्ह जळेल, आणि डिझेलचा बुलेटला लावला तर ती खडखडत राहील. आपल्या इंजिनाचा आकडा त्याच्या पुस्तिकेतून किंवा हेडकव्हरवरच्या पट्टीवरूनच घ्यावा. सोबत तो थंड इंजिनासाठी आहे की गरम, हेही वाचावं.

फट कमी पडली की व्हॉल्व्ह का जळतो

उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावरून अनवाणी चालणारा माणूस मधेमधे सावलीत पाय टेकवतो म्हणून त्याचे तळवे वाचतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सावली म्हणजे सीट. जळता वायू त्याच्या अंगावरून जातो तेव्हा त्याची टोपी लालभडक होण्याइतकी तापू शकते. चक्राच्या साधारण एक तृतीयांश भागात तो उघडा असतो, उरलेल्या दोन तृतीयांशात सीटवर टेकलेला. टेकलेल्या वेळात त्याच्या अंगातली बहुतांश उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरते आणि तिथून पाण्याला किंवा हवेला जाते. थोडी दांडीतून गाइडमध्ये जाते.

आता फट शून्य झाली असं समजा. व्हॉल्व्ह तापून लांबला, वर रॉकर अडून बसलेला, मग व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकणार कसा? केसाएवढा उघडा राहतो. सावली हुकली. शिवाय त्या बारीक भेगेतून पेटलेला वायू गॅस कटरसारखा सुटतो आणि व्हॉल्व्हची कड खात जातो. कड खाल्ली की भेग रुंदावते, भेग रुंदावली की आणखी वायू. एकदा सुरू झालं की हे थांबत नाही.

आणि या सगळ्याचा आवाज येत नाही. टकटक येते ती रॉकर फट ओलांडून दांडीवर आदळतो म्हणून. फटच नसेल तर आदळायचं कशावर? आमचं इंजिन मऊ चाललं होतं ते यामुळे. शेजाऱ्यांनी कौतुक केलं त्या दिवसापासूनच व्हॉल्व्ह जळायला सुरुवात झाली होती.

मग जास्त फट ठेवलेली बरी?

धोका त्यातही आहे, पण सावकाश येणारा. कॅमच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना हलकासा चढ-उतार मुद्दाम दिलेला असतो. रॉकरने दांडीला हळूच स्पर्श करावा, मग दाब वाढवावा आणि शेवटी व्हॉल्व्हला हलकेच सीटवर ठेवावं, यासाठी. पायरीवर पाय टेकवून मग वजन टाकावं तसं. फट जास्त असली की ही पायरीच चुकते. रॉकर आधीच वेगात आलेला असतो तेव्हा दांडीवर आपटतो, आणि परतताना व्हॉल्व्हही सीटवर आपटून बसतो. हातोड्याचे हे ठोके तासाला ४५ हजार. दांडीचं वरचं टोक ठेचल्यासारखं पसरतं, रॉकरच्या चोचीत, म्हणजे दांडीवर टेकणाऱ्या टोकात, खळगा पडतो, फट जुळवायच्या ॲडजस्टिंग स्क्रूची गोळी झिजते, सीट ठोकली जाते. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर बंद होतो आणि उघडतोही कमी, त्यामुळे ताकद घटते.

दोन चुकांतून एक निवडायचीच वेळ आली, तर ०.०५ मिलिमीटरने सैल चूक मी पत्करेन, घट्ट कधीच नाही. सैल चूक ओरडून सांगते. घट्ट चूक हेड काढायला लावूनच कळते.

झिजल्यावर फट वाढते की कमी होते?

बहुतेकांना वाटतं, झीज म्हणजे फट वाढणार. रॉकरची चोच, कॅम किंवा टॅपेट झिजला तर खरंच वाढते. पण सीट झिजली तर उलट होतं. व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा वर, आत रुततो, त्यामुळे त्याच्या दांडीचं टोक रॉकरच्या जवळ येतं आणि फट आपोआप कमी होते. चौकट खचली की दार वर घासायला लागतं, तसंच.

म्हणून पूर्वी टकटकणारा टॅपेट काहीही न करता हळूहळू शांत होत गेला, तर आनंद मानू नका. एक्झॉस्टची सीट खचत असण्याची शक्यता मोठी आहे.

यावरून माझी एक आग्रहाची विनंती. फट जुळवण्याआधी ती किती आहे ते मोजून लिहून ठेवा. बहुतेक ठिकाणी झाकण उघडतात, नट सैल करतात आणि नवी फट बांधतात. जुनी फट किती होती ही इंजिनाची सगळ्यात मोलाची माहिती तिथेच पुसली जाते. डॉक्टरने ताप न बघता गोळी द्यावी, तसं ते होतं.

आता सीएनजीचं

पेट्रोलमध्ये पूर्वी शिसं मिसळत. त्याच्या राखेचा पातळ थर सीटवर बसून तिची झीज थोपवायचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. हवेसाठी आणि मुलांच्या मेंदूसाठी ते फार चांगलं झालं. सीटसाठी मात्र कंपन्यांना अधिक कडक धातू वापरावा लागला. सीएनजी त्याही पुढचा. तो कोरडा वायू आहे. द्रव इंधनाचा ओलावा नाही, जळाल्यावर फारशी काजळीही नाही, त्यामुळे धातूवर धातू आपटताना मधे काहीच नसतं. शिवाय तो पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो. ठिणगी पेट्रोलच्याच वेळेला पडत राहिली तर जळणं लांबतं आणि शेवटची धग एक्झॉस्ट व्हॉल्व्हला लागते. मिश्रण पातळ असलं की त्यात भर पडते.

कारखान्यातूनच सीएनजीसाठी बनून आलेल्या इंजिनात सीट, व्हॉल्व्ह आणि ठिणगीची वेळ या इंधनासाठीच ठरवलेली असते. तिथे घाबरण्याचं कारण नाही, वेळच्या वेळी फट तपासली म्हणजे झालं. काळजी आहे ती पेट्रोलवर बनलेल्या जुन्या इंजिनाला बाहेरून किट बसवून गॅसवर पळवतात तिथे. जुनी व्हॅन, जुनी मारुती ८००. अशा गाडीत फट तपासण्याचं अंतर पुस्तिकेत दिलं आहे त्याच्या निम्म्यावर आणा, असं मी म्हणेन. आणि दर खेपेला एक्झॉस्टची फट कमीच निघत असेल, तर सीट खचतेय हे ओळखा.

रॉकर बसवताना काय चुकतं

हेडचं काम झाल्यावर रॉकर परत बसवतात तेव्हा झालेली चूक पुढे कितीही सेटिंग केलं तरी जात नाही. म्हणून इथे जरा थांबू या.

काढतानाच प्रत्येक पुशरॉड आणि रॉकर कुठला होता त्याची खूण ठेवा. पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात क्रमाने पुशरॉड खोचले तरी पुरतं. जे दोन भाग वर्षानुवर्षं एकमेकांवर घासले त्यांची घडण एकमेकांत बसलेली असते. जोड्या बदलल्या की झीज नव्याने सुरू होते. पुशरॉड सपाट काचेवर घरंगळवून बघा. वाकलेला असेल तर तो लगेच थिरकतो.

रॉकर ज्या शाफ्टवर बसतात तो शाफ्ट पोकळ असतो, आतून तेल येतं आणि बारीक भोकांतून रॉकरला मिळतं. पुशरॉड एका टोकाने वर ढकलतो, स्प्रिंग दुसऱ्या टोकाने वर ढकलते, त्यामुळे रॉकरचा सगळा भार शाफ्टच्या खालच्या अंगावर येतो. झीज तिथेच सापडते. वरून चकचकीत दिसणारा शाफ्ट काढून खालून बोट फिरवलं की खाच लागते. भोकांची दिशा कंपनीने विचार करून ठरवलेली असते आणि शाफ्टवर तशी खाच किंवा खूण असते. शाफ्ट उलटा बसला तर तेल भलत्या जागी जातं आणि नवे रॉकर काही दिवसांत कोरडे होऊन वाजू लागतात. शाफ्टच्या आत साठलेला काळा गाळही याच वेळी तारेने काढून, डिझेलने धुऊन घ्यावा.

शाफ्टचे बोल्ट आवळण्यापूर्वी सगळे ॲडजस्टिंग स्क्रू भरपूर सैल करा. नाहीतर उघड्या स्थितीतल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा जोर एकाच बाजूने येतो आणि पुशरॉड तरी वाकतो किंवा रॉकरचा स्टँड तरी तडकतो. प्रत्येक पुशरॉडचं खालचं टोक टॅपेटच्या वाटीत बसलंय याची हाताने खात्री करा. मग बोल्ट थोडे थोडे, मधून बाहेर असे आळीपाळीने आवळा. रॉकरच्या चोचीवर आणि पुशरॉडच्या टोकांवर तेल लावा, कारण तेलाच्या पंपाकडून तेल वर पोचेपर्यंतचे पहिले काही सेकंद ते कोरडेच घासतात. हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळायचे असतील तर ते आधी. हेड खाली दबलं की फट बदलते, म्हणून टॅपेट नेहमी शेवटी.

चोच कुठे टेकते?

रॉकर गोल फिरतो आणि व्हॉल्व्ह सरळ रेषेत खाली जातो. त्यामुळे रॉकरची चोच दांडीच्या टोकावर थोडी घसरतेच. ही घसर कमीत कमी आणि टोकाच्या मधोमध असावी. ढोबळ नियम असा की व्हॉल्व्ह अर्धा उघडलेला असताना रॉकरची रेषा दांडीशी काटकोन करेल. तपासायला दांडीच्या टोकावर मार्करची शाई लावा, इंजिन हाताने चार फेरे फिरवा आणि पुसलेला पट्टा बघा. बारीक आणि मधोमध असेल तर उत्तम. कडेला गेला असेल तर चोच दांडीला खाली दाबताना बाजूलाही ढकलतेय. मग गाइड अंडाकृती झिजते, व्हॉल्व्ह डुलायला लागतो, सीटवर वाकडा बसतो आणि गाइडमधून तेल उतरून निळा धूर येतो. फट अगदी अचूक असूनही हे सगळं होतं.

हेडला फेस मारला, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट केला, सीट खोल कापली, दुसऱ्याच लांबीचे पुशरॉड घातले की हा पट्टा सरकतो. अमेरिकेत १९५५ साली शेव्हरलेच्या व्ही-८ इंजिनात शाफ्टच काढून टाकला होता. पत्र्यातून दाबून केलेला प्रत्येक रॉकर आपापल्या स्टडवर, गोलाकार टेकूवर झुलायचा. हलकं, स्वस्त आणि फार यशस्वी. पण अशा इंजिनात रॉकरची उंची पुशरॉडच्या लांबीवर ठरते, म्हणून तिथे इंजिन बांधणारे आधी पट्टा बघून पुशरॉडची लांबी ठरवतात आणि मगच फटीला हात लावतात. आपल्याकडे शाफ्टवाल्या इंजिनात ही चिंता कमी, पण सीट दोन-तीनदा कापलेल्या जुन्या हेडमध्ये ती हमखास करावी.

प्रत्यक्ष सेटिंग

इंजिन थंड, म्हणजे रात्रभर उभं असलेलं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, कारण तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. इंजिन त्याच्या दिशेने हाताने फिरवा. इनलेटचा रॉकर व्हॉल्व्ह दाबून परत वर आला की फिरवणं चालू ठेवा आणि फ्लायव्हीलवरची, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावरची, खूण काट्याशी जुळली की थांबा. मोटारसायकलवर मॅग्नेटच्या कव्हरमधल्या छोट्या खिडकीत 'टी' ही खूण दिसते. दोन्ही रॉकर बोटाने हलले पाहिजेत. थोडं पुढे-मागे फिरवल्यावर दोन्ही रॉकर एकदम हलू लागले, तर तुम्ही चुकीच्या टोकाला आहात. आणखी एक पूर्ण फेरा द्या. हँडलवर चालू होणाऱ्या डिझेल इंजिनात डिकॉम्प्रेशनची कळ मोकळी आहे ना, हे विसरू नका. ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हला दाबून धरत असेल तर सगळं माप खोटं.

फट मोजायची पातळ पोलादी पात्यांच्या फिलर गेजने. आकडा ०.२० असेल तर ०.२०ची पाती पुस्तकाखालून कागद ओढावा तशी किंचित घासत सरकावी आणि ०.२५ची जाऊ नये. दोन्ही पात्या वापराव्यात, एकट्या पातीवर हात फसतो. लॉकनट सैल करून स्क्रू फिरवा. स्क्रूचा आटा एक मिलिमीटरचा असेल तर एका पूर्ण फेऱ्याला एक मिलिमीटर, म्हणजे घड्याळाच्या दहा मिनिटांएवढं वळण दिलं तर साधारण ०.१७. किती थोडं फिरवायचं असतं ते यावरून कळेल. लॉकनट आवळताना स्क्रू आट्यात ओढला जाऊन फट बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचंच. मग इंजिन दोन फेरे फिरवून आणखी एकदा.

चार सिलिंडरच्या इंजिनात, जळण्याचा क्रम १-३-४-२ असेल तर पहिला आणि चौथा, दुसरा आणि तिसरा या जोड्या. चौथ्याचे दोन्ही रॉकर डुलत असले, म्हणजे एक्झॉस्ट मिटतोय आणि इनलेट उघडतोय, तेव्हा पहिला सेट करा. पहिल्याचे डुलत असताना चौथा.

"आमचा मिस्त्री कानाने सेट करतो"

चाळीस वर्षांच्या हाताला मान आहेच. रॉकर चिमटीत धरून हलवला की अशा हाताला फट कळते, हे मी पाहिलं आहे. पण कानाची एक मर्यादा आहे. कान जास्त फट ऐकतो, कमी फट ऐकूच शकत नाही. ०.१० आणि शून्य दोन्ही कानाला शांतच. व्हॉल्व्ह जळतो तो नेमका याच पट्ट्यात.

"गेजने सेट केलं तरी वाजतंच"

अशा वेळी स्क्रू आणखी घट्ट करायचा मोह होतो. करू नका. रॉकरच्या चोचीत खळगा पडला असेल, तर सपाट पाती खळग्याच्या दोन कडांवर पुलासारखी टेकते आणि खालची खोली मोजलीच जात नाही. पाती ०.२० सांगते, खरी फट ०.३० असते. उपाय म्हणजे चोच घासून तिचा मूळ आकार परत आणणं किंवा रॉकर बदलणं, आणि दांडीचं ठेचलेलं टोक सपाट करणं.

"माझ्या इंजिनात हे काहीच नाही"

असू शकतं. काही इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात. आतल्या तेलाच्या दाबाने ते फट स्वतःच भरून काढतात. २००९ पासूनच्या क्लासिक बुलेटमध्ये ते होते. पुढे २०२० मध्ये त्याच कंपनीच्या मीटिओर या मोटारसायकलबरोबर आलेल्या नव्या ३५० इंजिनात मात्र फट तपासणं पुन्हा आलं. हायड्रॉलिकमध्ये स्क्रू नसतो, पण तेल वेळेवर बदललं नाही की त्यांची बारीक भोकं तुंबतात. काही गाड्यांत रॉकरच नसतो, कॅम थेट व्हॉल्व्हच्या दांडीवर बसवलेल्या वाटीवर दाबतो आणि फट वेगवेगळ्या जाडीच्या चकत्या घालून जुळवतात. ते काम घरी करायचं नाही, पण आकडा विचारून लिहून घेता येतो.

दारावरचे आकडे

आमच्या विहिरीवरच्या खोपीत दाराच्या आतल्या बाजूला आता पेन्सिलने तारीख आणि दोन आकडे लिहिलेले असतात: उघडल्यावर सापडलेली फट, इनलेटची आणि एक्झॉस्टची. दर खेपेला ०.२० बांधून बंद करतो. इनलेट जागचा हलत नाही. एक्झॉस्ट पहिल्या हंगामानंतर ०.१९ वाटला, मग ०.१८, गेल्या वेळी ०.१५. एवढ्यात जळणार नाही, पण उतार वाढलाय. कांद्याचं पाणी संपलं की हेड उतरवून सीट बघायची आहे.